कुशिंग सिंड्रोम: भोंगा नेमका वाजतोय कुठून?

सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची जत्रा, भरायच्या आधी आमच्या वहिनीनं दरवर्षीसारख्या बांगड्या भरून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप पुढे केला तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडी काळीनिळी पडली होती, कुणी काठीनं मारावं तशी. कासारणीनं काही जोर लावला नव्हता. वीस वर्षं तीच बांगड्या भरते. वहिनी म्हणाली, "हल्ली असंच होतंय भाऊजी. कुठं जरा धक्का लागला की डाग."

त्याच महिन्यात तिला पहिल्यांदा शुगर निघाली, तीही थेट साडेतीनशे. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा १७० च्या खाली येत नव्हता. चेहरा गोल, लालसर, तुकतुकीत झालेला. त्यामुळे येणारेजाणारे "तब्येत सुधारली की" म्हणायचे. पण तीच वहिनी टॉवेलची शिलाई संपवून मशीनवरून उठताना दाराची चौकट धरायची, आणि भाकरी थापायला खाली बसली की तिला उठवायला कुणीतरी लागायचं. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढं. "पायात जीवच राहिला नाही बघा," एवढंच ती सांगायची.

सहा महिन्यांनी या सगळ्याचं मूळ सापडलं. ते तिच्या उजव्या फुप्फुसात होतं, नऊ मिलिमीटरचं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. खोकला नाही, धाप नाही, छातीत दुखणं नाही. फुप्फुसातला एक हरभरा माणसाला शुगर, बीपी, काळेनिळे डाग आणि लुळे पाय कसे देतो, हे नातेवाइकांना इतक्यांदा समजावून सांगावं लागलं की शेवटी नीट लिहून काढायचं ठरवलं. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलंय, डॉक्टर नाही. इथं आजार समजावून सांगतोय. औषध कुणाला काय द्यायचं ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील.

गिरणी आणि भोंगा

माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तेव्हाचं सोलापूर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली. घरात घड्याळ नसलं तरी कुणाचं अडायचं नाही. शरीरातला कॉर्टिसोल समजायला मला याच्यापेक्षा चांगली उपमा सापडलेली नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात सगळे अ‍ॅड्रिनल म्हणतात. ही आपली गिरणी. तिथं तयार होणारा माल म्हणजे कॉर्टिसोल. हे संप्रेरक नसेल तर माणूस जगत नाही. रक्तातली साखर टिकवणं, रक्तदाब धरून ठेवणं, आजारपणात आणि संकटात शरीराला उभं ठेवणं ही त्याची कामं. पहाटेपासून सकाळपर्यंत त्याची पातळी सगळ्यांत वर असते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी तळाला जाते.

गिरणी स्वतःच्या मनानं चालत नाही. भोंगा वाजवते ती मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी. हा भोंगा म्हणजे एसीटीएच नावाचं दुसरं संप्रेरक. ते रक्तातून अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचतं आणि माल निघायला लागतो. पिट्युटरीच्याही वर हायपोथॅलॅमस हा मालक बसलेला आहे. त्याची चिठ्ठी आल्याशिवाय पिट्युटरी भोंग्याला हात लावत नाही. आणि गोदामात माल पुरेसा साठला, म्हणजे रक्तात कॉर्टिसोल वाढलं, की वरचे दोघं गप्प होतात. भोंगा थांबतो, गिरणी मंदावते. निरोगी माणसात हे चक्र रोज, न चुकता चालतं.

आता कल्पना करा, गावात दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीत कुणीतरी हुबेहूब तसाच भोंगा बसवला आहे, आणि तो रात्रंदिवस वाजतोय. गिरणीतल्या कामगारांना भोंगा कुणाचा ते कळत नाही; भोंगा ऐकला की साचे सुरू. गोदाम भरून माल रस्त्यावर आला तरी काम थांबत नाही. खरा मालक गोदाम भरलेलं बघून आपला भोंगा कधीच बंद करून बसलाय, पण त्याचं आता कुणी ऐकतच नाही.

वहिनीच्या फुप्फुसातला हरभरा म्हणजे हा दुसरा भोंगा. कॉर्टिसोल दीर्घकाळ जास्त राहिल्यानं जी लक्षणं होतात त्या सगळ्यांना मिळून कुशिंग सिंड्रोम म्हणतात. भोंगा पिट्युटरीतच बिघडला, म्हणजे तिथं गाठ झाली, तर त्याला कुशिंग डिसीज असं वेगळं नाव आहे. भोंगा पिट्युटरीबाहेर कुठंतरी वाजत असेल तर त्याला डॉक्टर एक्टोपिक एसीटीएच म्हणतात. एक्टोपिक म्हणजे अस्थानी, आपली जागा सोडून भलतीकडे. आणखी एक प्रकार असा की गिरणीतच गाठ होते आणि ती भोंग्याची वाटच बघत नाही. तिथं कॉर्टिसोल जास्त आणि एसीटीएच जवळजवळ शून्य असं उलटं चित्र दिसतं.

आजाराला नाव मिळालं ते हार्वी कुशिंग या अमेरिकी मेंदूशल्यविशारदामुळे. १९१२ मध्ये त्यांनी असा पहिला रुग्ण नोंदवला आणि १९३२ मध्ये बारा रुग्णांचं वर्णन करून पिट्युटरीतल्या बारीक गाठीकडे बोट दाखवलं. पण त्याच्याही चार वर्षं आधी, १९२८ मध्ये, ब्राउन नावाच्या डॉक्टरांनी 'लान्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकीकत छापली होती: मधुमेह, चेहऱ्यावर दाढीसारखे केस, सुजलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि फुप्फुसात कर्करोग. फुप्फुसाचा आणि बाकीच्याचा संबंध तेव्हा कुणाला लावता आला नाही. एसीटीएच ही गोष्टच अजून माहीत नव्हती. तो संबंध १९६० च्या दशकात ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला; त्यांनी अशा गाठींमध्येच एसीटीएच असल्याचं दाखवून दिलं. पिट्युटरीच्या बाहेर भोंगा असू शकतो हे तेव्हा पक्कं झालं.

फुप्फुसाला हे जमतं कसं?

वर्गात मुलं हाच प्रश्न विचारायची आणि प्रश्न बरोबर आहे. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. फुप्फुसाच्या पेशीतही एसीटीएच बनवण्याची कृती लिहिलेली असते, फक्त ते पान मिटलेलं असतं. श्वासनलिका, आतडी, स्वादुपिंड, थायमस (छातीतली एक ग्रंथी), थायरॉइड यांच्यात संप्रेरकं बनवू शकणाऱ्या काही पेशी विखुरलेल्या असतात. त्यांची गाठ झाली की मिटलेलं पान कधीकधी उघडतं. म्हणून हा भोंगा सापडतो तो ठरावीक जागी: फुप्फुसातल्या कार्सिनॉइड गाठी, फुप्फुसाचाच स्मॉल सेल नावाचा आक्रमक कर्करोग, थायमसच्या आणि स्वादुपिंडाच्या गाठी, थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग, आणि क्वचित फिओक्रोमोसायटोमा ही अ‍ॅड्रिनलच्या गाभ्यातली गाठ.

यात दोन टोकं आहेत आणि ती वेगळी ओळखावी लागतात. कार्सिनॉइड हळू वाढतो. रुग्णाचा चेहरा, पोट, कातडीवरचे जांभळे पट्टे हे सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं दिसायला वेळ मिळतो. स्मॉल सेल कर्करोगात सगळं काही आठवड्यांत होतं. माणूस जाड होण्याऐवजी वाळतो, चेहरा गोल होतच नाही. पोटॅशियम घसरतं, शुगर वाढते, पाय गळतात, एवढंच दिसतं. कुशिंग म्हणजे लठ्ठ माणूस असं डोक्यात बसलेलं असेल तर हा रुग्ण हातातून निसटतो. या कर्करोगाचं धूम्रपानाशी घट्ट नातं आहे. आमच्या शहरात विडी वळणाऱ्या बायका घराघरात आहेत, म्हणून सांगतो: इथं मी विडी ओढण्याबद्दल बोलतोय. वहिनीनं तंबाखूला कधी हात लावलेला नाही आणि तिच्या प्रकारच्या, म्हणजे कार्सिनॉइड गाठीसाठी तो लागतही नाही.

पोटॅशियम आणि काळी पडलेली पेरं

वहिनीच्या आजाराचा पहिला खरा धागा एका साध्या तपासणीत मिळाला. रक्तातलं पोटॅशियम २.४ आलं. ते साधारण ३.५ ते ५ असायला हवं. जुलाब नव्हते, उलट्या नव्हत्या, लघवी वाढवणारी गोळी चालू नव्हती. मग पोटॅशियम गेलं कुठं?

मूत्रपिंडात मीठ धरून ठेवणारं आणि पोटॅशियम बाहेर टाकणारं एक कुलूप आहे. त्याची खरी किल्ली अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक. कॉर्टिसोलचीही किल्ली त्या कुलपात बसते, पण मूत्रपिंड दारावर एक रखवालदार ठेवतं. ते एक विकर (एन्झाइम) आहे आणि ते कॉर्टिसोल निकामी करत राहतं. कॉर्टिसोलचा लोंढाच आला की रखवालदाराला आवरत नाही. कुलूप उघडंच राहतं, मीठ साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. पिट्युटरीच्या गाठीत कॉर्टिसोल सहसा इतकं वाढत नाही. अस्थानी भोंग्यात वाढतं. म्हणून कुशिंगची लक्षणं आणि त्यात पोटॅशियम खाली, असं दिसलं की डॉक्टरांचे कान टवकारतात. वहिनीच्या पायातला जीव दोन्हीकडून गेला होता: कॉर्टिसोलनं मांड्यांचे स्नायू खाल्ले होते, आणि उरलेल्या स्नायूंना पोटॅशियम पुरत नव्हतं.

दुसरा धागा रंगाचा. वहिनीच्या बोटांची पेरं आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्या होत्या. घरी सगळे म्हणाले, उन्हानं. सोलापूरचं ऊन कुणालाही काळं करतं, पण ते तळहाताच्या रेषा काळ्या करत नाही. एसीटीएच खूप वाढलं की ते कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींनाही चेतवतं. ज्याच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ आहे त्याची कातडी अशी काळवंडत नाही, कारण त्याचं एसीटीएच खाली गेलेलं असतं.

बाकीची लक्षणं अनेक आजारांत सापडतात, म्हणून त्यांतली कोणती जास्त बोलकी आहेत ते सांगतो. पोट सुटणं, शुगर, बीपी ही घरोघरी आहेत. पण किरकोळ धक्क्यानं पडणारे काळेनिळे डाग, पोटावर किंवा मांड्यांवर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, आणि उकिडवं बसून हात न टेकता उठता न येणं, ही साध्या लठ्ठपणाची लक्षणं नव्हेत. बाळंतपणानंतरचे पट्टे पांढुरके आणि बारीक होत जातात. हे पट्टे जांभळे असतात, आणि कातडी इतकी पातळ झालेली असते की आतलं रक्त दिसतं.

आणि मन. हे मला वेगळं सांगायचं आहे. वहिनी रात्र रात्र जागायची, साध्या बोलण्यावर रडायची, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असं म्हणायची. घरात आम्ही सगळे तिला समजावत होतो, कधी रागावतही होतो. कॉर्टिसोल झोप मोडतं, उदासी आणतं, भ्रमही घडवतं. तो तिचा स्वभाव नव्हता, आजार होता. हे आधी कळलं असतं तर तिच्याशी बोललेले बरेच शब्द आम्ही बोललो नसतो.

आधी विचारायचा प्रश्न

अशा चेहऱ्याचा रुग्ण समोर आला की शहाणा डॉक्टर पहिल्यांदा विचारतो: कसली गोळी, पुडी, इंजेक्शन, मलम चालू आहे का? कुशिंगसारखी लक्षणं होण्याचं सगळ्यांत मोठं कारण शरीरातल्या गाठी नव्हेत, बाहेरून घेतलेली स्टिरॉइडं, म्हणजे कॉर्टिसोलसारखं काम करणारी औषधं आहेत. गुडघेदुखीची "एकदम आराम" देणारी पुडी, दम्यावर चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घेतलेली गोळी, चेहरा उजळायला लावलेलं मलम. जडीबुटीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्येही डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडलेलं आहे. त्यात माणसाच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल झोपी गेलेल्या असतात. म्हणून "चेहरा सुजतोय" म्हणून अशी गोळी कुणी एका दिवसात बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. बंद करायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनं.

वहिनी यातलं काहीच घेत नव्हती. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, औषधांची पिशवी आणायला लावली, मलमाच्या ट्यूबसुद्धा बघितल्या. मला ते तेव्हा संशय घेतल्यासारखं वाटलं. आता वाटतं, त्यांनी तेच करायला हवं होतं.

स्टिरॉइड वगळलं की उरलेला आजार दुर्मीळ आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन-तीन नवे रुग्ण. त्यातल्या साधारण ७० टक्क्यांत भोंगा पिट्युटरीतच असतो, अस्थानी भोंगा दहातल्या एखाद्यात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्हा ४३ लाखांचा होता. त्या हिशेबानं अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला अस्थानी प्रकारचा एखादाच रुग्ण निघेल. एखाद्या फॅमिली डॉक्टरनं उभ्या आयुष्यात असा रुग्ण पाहिलाच नाही, यात नवल नाही.

तपासण्यांचा क्रम मोडू नका

माझं या लेखातलं सगळ्यांत कळकळीचं सांगणं इथं आहे. क्रम असा: आधी कॉर्टिसोल खरंच जास्त आहे का, मग एसीटीएच किती, आणि मगच फोटो. आपल्याकडे लोकांना आधी एमआरआय हवा असतो, कारण त्यात काहीतरी दिसतं.

कॉर्टिसोल जास्त आहे हे एका सकाळच्या रक्ततपासणीनं ठरत नाही. सकाळी ते निरोग्याचंही जास्तच असतं. तीन वाटा आहेत. पहिली, चोवीस तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन्‌थेंब कॅनमध्ये. चाळीत, सामाईक संडास असलेल्या घरात बाईमाणसाला हे किती अवघड जातं ते लॅबच्या कागदावर लिहिलेलं नसतं. वहिनीचा पहिला कॅन अर्धवट भरला म्हणून फुकट गेला. दुसरी वाट, रात्री उशिराची लाळ किंवा रक्त. तेव्हा गिरणी बंद हवी. यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्यांचं घड्याळच उलटं फिरलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यात ही तपासणी फसवते. ज्येष्ठमध किंवा तंबाखू चघळणाऱ्यांच्या लाळेतही आकडा खोटा वाढू शकतो.

तिसरी वाट मला फार आवडते, कारण तिच्यात सगळं तर्कशास्त्र आहे. रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी द्यायची. हे कृत्रिम स्टिरॉइड. मालकाला वाटतं गोदाम भरलं, आणि तो भोंगा बंद करतो. सकाळी आठला रक्त तपासलं की निरोग्याचं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलेलं असतं. वहिनीचं ३८ होतं. मालक गप्प होता आणि गिरणी पूर्ण जोरात चालू होती. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर ही गोळी शरीरात लवकर संपते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसोलचा आकडा फुगतो. त्यामुळे चालू औषधं सांगायला विसरू नये.

मग एसीटीएच. ते खाली असेल तर दोष अ‍ॅड्रिनलमध्ये, वर असेल तर भोंग्यात. हे संप्रेरक नाजूक आहे, उष्णतेत भराभर तुटतं. नळी आधी गार केलेली हवी, रक्त काढलं की बर्फात ठेवायचं आणि लगेच गारव्यातच फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. एप्रिलमधला सोलापूरचा पारा आठवा. लॅबचा मुलगा थर्मासमध्ये बर्फ घालून घरी आला आणि रक्त घेऊन अक्षरशः पळत गेला. त्याच्या त्या पळण्यावर पुढचं सगळं निदान उभं होतं. आकडा आला १६८. सर्वसाधारणपणे तो पन्नास-साठच्या आत असतो. भोंगा मोठ्यानं वाजतोय हे ठरलं. कुठं, एवढंच उरलं.

डाग दिसला म्हणजे चोर सापडला नाही

एमआरआयमध्ये वहिनीच्या पिट्युटरीत चार मिलिमीटरचा डाग दिसला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला: सापडलं, आता नाकातून ऑपरेशन करून काढून टाका. मलाही तसंच वाटलं.

पण तपासलं तर दहातल्या एका निरोगी माणसाच्या पिट्युटरीत असा एखादा बारीक, निरुपद्रवी डाग सापडतो. आणि वहिनीचं चित्र, म्हणजे भराभर वाढलेला आजार, २.४ पोटॅशियम, काळी पेरं, हे पिट्युटरीशी जुळत नव्हतं. संप्रेरकांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला जा, आधी भोंग्याचा आवाज जवळून ऐकू.

त्या तपासणीचं नाव लांबलचक आहे, इन्फिरिअर पेट्रोसल सायनस सॅम्पलिंग, पण कल्पना साधी. भोंगा त्याच्या खऱ्या जागी, म्हणजे पिट्युटरीत वाजत असेल तर तिच्या फाटकापाशी आवाज मोठा आणि लांब चौकात बारीक येईल. दुसरीकडेच वाजत असेल तर फाटकापाशी वेगळा मोठा आवाज येणार नाही. जांघेतल्या शिरांतून दोन बारीक नळ्या वर नेतात, पिट्युटरीचं रक्त जिथून उतरतं त्या दोन्ही बाजूंच्या शिरांपर्यंत. तिथलं रक्त आणि हातापायाकडचं रक्त एकाच वेळी घेतात. मग पिट्युटरीला डिवचणारं इंजेक्शन देऊन पुन्हा घेतात. वरचं एसीटीएच खालच्याच्या दुप्पट, आणि इंजेक्शननंतर तिप्पट निघालं तर भोंगा पिट्युटरीचा. हे करणारी केंद्रं मोजकी आहेत आणि हात सरावलेला लागतो.

वहिनीचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. इंजेक्शननंतरही हलले नाहीत. पिट्युटरी झोपलेली होती. तो चार मिलिमीटरचा डाग निरपराध होता, आणि त्याच्यासाठी तिच्यावर विनाकारण ऑपरेशन झालं असतं.

मग छातीचा आणि पोटाचा सीटी. उजव्या फुप्फुसात तो हरभरा दिसला. तिथंही घाई केली नाही. फुप्फुसात जुन्या क्षयाचे व्रणही असतात. गॅलियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं औषध देऊन पेट स्कॅन केला. या गाठींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, औषध तिथं जाऊन चिकटतं आणि जागा उजळते. हरभरा उजळला. सगळ्यांच्या नशिबी हे नसतं. काही रुग्णांत भोंगा वाजत राहतो आणि वर्षानुवर्षं शोधूनही गाठ दिसत नाही.

उपचार, आणि नंतरचं वर्ष

गाठ सापडली तरी लगेच कापायला घेत नाहीत. कॉर्टिसोलनं प्रतिकारशक्ती मोडलेली असते, रक्तात गुठळ्या व्हायची भीती असते, शुगर-बीपी पेटलेले असतात. आधी ते आवरायचं: पोटॅशियम, ते वाचवणारी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी, इन्सुलिन, गुठळ्या टाळणारी इंजेक्शनं, जंतुसंसर्गापासून राखणारी गोळी. आणि खुद्द गिरणीची वीज तोडायला केटोकोनाझोल. हे मुळात बुरशीवरचं औषध, पण ते कॉर्टिसोल बनवण्याच्या पायऱ्याही अडवतं. यकृताच्या तपासण्या करत करतच द्यावं लागतं. मेटिरापोन हे याच कामाचं दुसरं औषध. फारच गंभीर रुग्णाला आयसीयूत एटोमिडेट शिरेतून देतात. भोंगा सापडतच नसेल किंवा काढता येत नसेल आणि औषधंही पुरत नसतील, तर दुर्बिणीनं दोन्ही अ‍ॅड्रिनल काढून टाकतात. माणूस वाचतो, पण अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकांची जागा घेणारं हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन जन्मभर घ्यावं लागतं.

जुलैमध्ये वहिनीचं ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा तो भाग गाठीसकट काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्टिसोल दोनच्याही खाली आलं आणि डॉक्टर खूश झाले. मी घाबरलो होतो. पण तेच हवं होतं: खोटा भोंगा बंद झाला, आणि खरा अजून जागा व्हायचा होता.

त्याला जागं व्हायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, सकाळी मोठा डोस, दुपारी लहान. या काळाबद्दल आम्हाला कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं, आता बरी झाली. प्रत्यक्षात वहिनीचा सगळ्यांत वाईट काळ तोच होता. सांधे ठणकायचे, अंगाची सालपटं निघायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जीव असलेली बाई ताटाकडे बघून तोंड फिरवायची. शरीर इतके दिवस कॉर्टिसोलच्या पुरात राहिलेलं असतं. पूर ओसरला की नेहमीचं पाणीही त्याला कोरडं वाटतं. शुगर मात्र महिन्याभरात उतरली, इन्सुलिन सुटलं. पेरांचा काळा रंग हळूहळू गेला. मांड्यांत ताकद यायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. डिसेंबरात एका सकाळी ती चौकट न धरता उठली आणि आपण उठलो हे तिचं तिलाही कळलं नाही.

दादानं कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता: "ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही तर वाट बघायची नाही, दवाखान्यात नेऊन इंजेक्शन. कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं, हिला हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे." त्याचा एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होता. एकदा जुलाब लागले तेव्हा रात्री दोन वाजता शेजारच्या मुलानं तो फोटो ड्युटीवरच्या डॉक्टरांना दाखवला आणि इंजेक्शन पंधरा मिनिटांत मिळालं.

ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी सकाळचं कॉर्टिसोल तिच्या स्वतःच्या ताकदीवर पुरेसं आलं आणि गोळी बंद झाली. या गाठी पुन्हा डोकं वर काढू शकतात, म्हणून वर्षातून एकदा एसीटीएच आणि छातीचा सीटी करायचा असतो. यंदाचा गड्डा उठल्यावर, फेब्रुवारीत आहे.